गाण्यात आलेली भाकरी

मी कॅसेट बोलतेय. हो, तीच, पेन्सिल घालून गुंडाळायची ती. हसा हवं तर, पण जरा भरभर ऐका, कारण एका जागी बसून बोलायची मला सवय नाही. माझा जन्मच गरगर फिरण्यासाठी झाला आणि आयुष्य मात्र गेलं सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातल्या एका फ्लॅटच्या माळ्यावर, बुटांच्या खोक्यात. पडून पडून जीव नुसता कासावीस झाला होता.

मला विकत आणलं ते शिवशरण यांनी. वीज कचेरीत नोकरीला होते. तेव्हा ते, त्यांची बायको शरणम्मा आणि लहानगी लेक श्रीदेवी शहरात दोन खोल्यांत राहायचे. मी कोरी होते. आपल्यावर काय भरणार याची कोऱ्या कॅसेटला केवढी उत्सुकता असते, तुम्हाला काय सांगू! शिवशरणांच्या मनात एकच गाणं होतं. जुन्या, काळ्या-पांढऱ्या सिनेमातलं, नदीकाठी नायिका वाट बघत म्हणते ते. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही गुणगुणत बसाल आणि माझं ऐकायचं राहून जाईल.

दुकानात ते गाणं मिळेना. पण एका रविवारी टीव्हीवर तो सिनेमा लागणार होता. मग शिवशरणांनी तेव्हा घरोघरी चालायची ती युक्ती केली. टेपरेकॉर्डर टीव्हीच्या पुढ्यात स्टुलावर ठेवला. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, दाराच्या फटीत चादर कोंबली, श्रीदेवीला शेजारी धाडलं. सोलापूरचा उन्हाळा, माणूस घामाने निथळतोय, पण बोट बटणावरून हलत नाही. एवढा बंदोबस्त केला, पण आत स्वयंपाकघरात भाकरी चालू आहे हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

गाणं सुरू झालं. पहिली ओळ संपली आणि आतून आवाज आला, थप थप थप. शरणम्मा परातीत भाकरी थापत होती आणि थापता थापता टीव्हीबरोबर गायला लागली होती. रेकॉर्डिंगचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. काय गात होती! मोकळा, जरासा जाड गळा आणि भाकरीची थाप बरोबर ठेक्यावर. मी हरखून गेले. तेवढ्यात शिवशरण माझ्या कानाशीच खेकसले, "सुम्निरु!"

म्हणजे गप बस. ते मूळचे अक्कलकोटकडचे, रागावले की तोंडात कानडी यायची. आतलं गाणं थांबलं, थापही थांबली. पुढचं गाणं अगदी स्वच्छ उतरलं माझ्यावर. मला ते मुळीच आवडलं नाही.

त्यानंतर शरणम्मा गायली नाही. भांडली नाही, रुसली नाही, फक्त घरात गाणं म्हणायचं सोडून दिलं. शिवशरणांना ते कळलंही नाही. ते मला लावायचे आणि पाहुण्यांना सांगायचे, गाणं लई भारी हाय, मध्ये हिनं घाण केली बघा. शरणम्मा चहाचे कप उचलून आत जायची. अशा वेळी वाटायचं, फीत गुंतवून घ्यावी आणि मुकाट बंद पडावं. माझी दुसरी बाजू तर त्यांनी कधी वापरलीच नाही. तिकडं काही भरायला जावं आणि इकडचं गाणं बिघडावं, अशी त्यांना भीती.

पुढं टेपरेकॉर्डर बिघडला, नवं घर झालं आणि मी खोक्यात गेले. यंदा रंगकामासाठी माळा रिकामा केला, तेव्हा श्रीदेवीनं मला भंगाराच्या ढिगात टाकलं. शिवशरणांनी मला उचललं, सदऱ्याच्या खिशात घातलं आणि रिक्षा करून थेट गुफरानचं दुकान गाठलं. जुन्या कॅसेटी मोबाईलवर उतरवून देतो तो. गाण्यात मध्येच बायकोचा आवाज आलाय, हे त्यांनी आधीच त्याच्या कानावर घातलं.

"काका, काळजी सोडा," गुफरान म्हणाला. "मधली खडखड, बाईचा आवाज, समदं पुसून देतो. कोरं करकरीत गाणं मिळंल."

शिवशरण खूश. मला ओरडावंसं वाटलं. पण ओरडणार कशी? लावल्याशिवाय मला बोलता येत नाही आणि लावल्यावरही ठरलेलं तेवढंच बोलता येतं.

मग गुफरानलाच सुचलं. हे गाणं तर मोबाईलवर चित्रासकट आहे, म्हणाला, आणि लावूनही दाखवलं. शिवशरण डोळे बारीक करून बघत बसले. तरुणपणी ती नायिका त्यांना भारदस्त बाई वाटायची. "एवढीशी पोर होती व्हय ही?" ते पुटपुटले. पहिली ओळ संपली आणि त्यांचा हात आपोआप गुडघ्यावर थप थप करायला लागला. मोबाईलमधून मात्र थाप आली नाही. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच.

"ह्यात कायतरी कमी हाय."

"ओरिजिनल हाय की काका."

"मग ओरिजिनलच चुकलंय," शिवशरण म्हणाले.

तेव्हा कुठं मला लावलं. इतक्या वर्षांनी मी फिरले! फीत तुटेल की काय ही धाकधूक होती, तरी फिरले. थप थप थप. शरणम्माचा गळा. आणि मग ते "सुम्निरु!" शिवशरण दचकले. इतकी वर्षं ते हा तुकडा कधी संपतो याची वाट बघत आले होते. आज त्यांनी तो पहिल्यांदा ऐकला.

"अर्ध्यात शब्द तोडलाय तिनं," ते म्हणाले. गुफराननं पुसू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "हात लावू नको." आणि त्याचा टेपरेकॉर्डर उसना घेऊन घरी आले.

शरणम्मा मेथी निवडत होती. काही न सांगता त्यांनी मला लावलं. ती ऐकत राहिली.

"कोण म्हनतंय ओ हे? गळा चांगला हाय की."

तेवढ्यात "सुम्निरु!" आलं आणि तिचा हात मेथीच्या जुडीवर थांबला. स्वतःचा गळा तिला ओळखू आला नव्हता. ते गप करणं मात्र लगेच ओळखू आलं. रिक्षात जुळवत आणलेलं काहीतरी सांगायला शिवशरणांनी तोंड उघडलं.

"सुम्निर्री," ती म्हणाली. गप बसा. अहोजाहो तेवढं राखून.

आणि माझ्यावर तुटलेला तो अर्धा शब्द तिनं पुरा केला. आवाज चिरका झालाय, दम पुरत नाही, पण माझ्या स्वच्छ भागावर ती शेवटपर्यंत गायली. शिवशरण डोळे पुसत गप बसून होते. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

आता मी पुन्हा थांबलेय, टेपरेकॉर्डरमध्येच, आणि मला चैन नाही. उद्या तो गुफरानकडे परत जाईल. माझी फीत किती दिवस टिकेल, देव जाणे. शिवशरण, ऐकताय ना? माझी दुसरी बाजू अजून कोरी आहे. पंखा चालू असू दे, खिडक्या उघड्या असू देत, परातीत भाकरी असू दे. मला फक्त उलटी करून लावा.