सासऱ्यांसमोरचं स्पॅनिश

मी स्पॅनिश क्रियापदांचा फ्लेक्स बोलतोय. जन्म लाखनीचा, हायवेवरच्या दुकानातला. माझ्या आधी मशीनमधून एका भावी सरपंचाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स निघाला. त्याच्यावर हात जोडलेले चेहरे, माझ्यावर क्रियापदांची रूपं. दुकानदाराने दोघांचंही शुद्धलेखन तपासलं नाही.

मला बनवून घेतलं रक्षाने. पुण्याच्या एका कंपनीत स्पॅनिश बोलणाऱ्या गिऱ्हाइकांशी घरूनच बोलायचं काम होतं. त्यासाठी मोबाइलवर तोंडी परीक्षा. तिचे सासरे ताराचंद यांनी सांगून टाकलं, "एक डाव दे परीक्षा. नापास झाली तं हे खूळ बंद."

मला बैठकीच्या भिंतीवर लावलं. रक्षा झाडता झाडता माझी रूपं घोकायची. स्पॅनिशमध्ये बरोबरीच्याला एक रूप, मानाच्या माणसाला दुसरं. या घराची रीत मात्र माझ्या कुठल्याच रकान्यात बसेना. सासू मनकर्णाबाई नवऱ्याला ना 'तू' म्हणत, ना 'तुम्ही'. त्या माझ्याकडे बघून म्हणत, "चहा थंडा होऊन राहिला." ताराचंदही मलाच ऐकवत, "साखर कमी हाये." रक्षा पदर ओढून सासऱ्यांशी बोले, तेही माझ्याकडे बघून. साऱ्या घराचा पत्रव्यवहार माझ्यामार्फत चाले. आवक-जावक क्रमांक तेवढे पडत नव्हते.

परीक्षेच्या दिवशी ताराचंद खुर्ची घेऊन सुनेसमोर बसले. भाषा कळत नव्हती, पण देखरेखीला भाषा लागत नाही असं त्यांचं मत. मोबाइलवर पिकल्या केसांचे परीक्षक उगवले. रक्षाने सवयीने पदर ओढला आणि सगळी उत्तरं भिंतीकडे बघून दिली.

"तिकडे पाहून वाचताय का?" परीक्षकांनी मराठीत विचारलं. "जे काही लावलंय ते काढा. आणि माझ्याकडे बघून बोला, नाहीतर परीक्षा इथेच थांबवतो."

मनकर्णाबाईंनी मला ओढून काढलं. तरी रक्षाची मान वर होईना.

मनकर्णाबाईंनी मला काखेत मारलं आणि त्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "तुमी उठा," त्या म्हणाल्या. "बाहेर जा. पोरीले बोलू द्या."

हे कोणाला म्हणाल्या, म्हणून ताराचंदांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. ते उठले.

"अन् तू वर पाह्य. तो काही तुया सासरा नाही."

रक्षाने वर पाहिलं. दोन-तीनदा चुकली, पण त्या माणसाच्या डोळ्यात बघून चुकली. नोकरी लागली.

सध्या मी अंगणात धानाच्या ढिगावर पालथा पडलोय. आतून आवाज येतात. "तुमी चहा घ्या." "घेतो." थोड्या वेळाने, चाचरत, "साखर... बरोबर टाकली तू."

तेव्हा एकच विनंती. धान विकलं की मला खुशाल फेकून द्या, पण त्या भिंतीवर पुन्हा लावू नका. ही माणसं आत्ता कुठे एकमेकांशी बोलायला लागली आहेत.