मनोऱ्याची खिडकी

वडील जाऊन पंधरवडा उलटला तरी बाईंच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. "रजा घ्या," असं मुख्याध्यापिका म्हणाल्या, तेव्हा "घरी बसून काय भिंतींशी गप्पा मारू?" म्हणत त्या चौथीच्या वर्गाला जुनं शहर दाखवायला घेऊन निघाल्या.

वेस झाली, छापखाना झाला. तोंडपाठ तारखा आपोआप बाहेर पडत होत्या. राहिला होता घड्याळाचा मनोरा. त्या घड्याळाला चावी द्यायचे ते बाईंचेच वडील. दरवर्षी वर्ग आला की वरच्या खिडकीतून ते मुलांना हात हलवून दाखवायचे. यंदा मनोऱ्यापाशी मुलांना खरं काय ते सांगून टाकायचं, असं बाईंनी ठरवलं होतं.

"हे घड्याळ गावकऱ्यांनी वर्गणी काढून आणलं," त्या म्हणाल्या, आणि सवयीनं पुढचं वाक्यही निघून गेलं, "आता वर बघा, आजोबांना हात करा."

सगळ्या वर्गानं हात हलवले. खिडकी बंद होती.

"आजोबा डुलक्या काढतायत वाटतं!" एक मुलगी म्हणाली. वर्ग खिदळला.

"नाही गं. आजोबा वारले. घड्याळ आता विजेवर चालतं." आवाज तारखा सांगतानाचाच होता.

मुलांचे हात खाली आले. मग तीच मुलगी हळूच म्हणाली, "पण बाई, तुम्ही अजून हात करताय."

बाईंनी पाहिलं. हात खरंच वर होता. तो खाली घ्यावा, असं काही त्यांना वाटेना.