कोरी प्लेट

थोरलीची प्लेट नेहमी कोरी. धाकटीच्या प्लेटवर पांढरे ठिपके.

दोघी जावा एकाच कारखान्यात, एकाच खोलीत, डोळ्यांत घालायच्या औषधाच्या बाटल्या भरतात. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या. काम संपलं की हातमोज्यांची बोटं जेलीच्या प्लेटवर टेकवायची. लॅबवाला प्लेट उबेत ठेवतो. बोटांवर काही असेल तर उगवतं.

भिंतीवर पाटी: आधी प्लेट. मग स्पिरिटचा फवारा.

*

"कातडीवरचे नेहमीचेच जंतू," लॅबवाला म्हणाला. "माझ्या अंगावर आहेत, तुमच्याही. बिचारे आपली राखणच करतात. फक्त बाटलीत नकोत. आणखी एकदा उगवले तर मात्र तुम्हाला खोकी भरायला पाठवावं लागेल."

धाकटीला 'अंगावर जंतू' एवढंच ऐकू आलं.

*

घरी.

सासूबाई: "तू भांडी घे. पिठात हात नको घालूस."

धाकटीचा नवरा: "माझी बायको म्हणजे चालतं-फिरतं प्राणिसंग्रहालय! तिकीट लावू या का?"

सासूबाई: "थोरलीकडून शीक जरा. तिचे हात बघ."

थोरलीनं हात पाठीमागे नेले.

धाकटी काथ्यानं बोटं घासत होती. कातडी सोलवटली होती. अशा कातडीवरून जंतू उलट जास्तच झडतात, हे थोरलीला माहीत होतं. "पुरे गं," एवढंच ती म्हणाली.

*

थोरली काय करते: आधी फवारा. मग प्लेट.

नवी असताना भीतीपोटी केलं. पुढे अंगवळणी पडलं. स्पिरिटनं नुकत्याच धुतलेल्या बोटांखाली काय डोंबल उगवणार?

*

आज पुन्हा प्लेट. आज फवारायचं नाही, असं थोरलीनं सकाळीच ठरवलं होतं.

फस्स.

हात कधी गेला, कळलंच नाही. मागे धाकटी उभी होती. चष्म्याआडचे डोळे फवाऱ्यावर.

*

कपडे बदलायच्या खोलीत धाकटी हळूच म्हणाली, "ताई, आधी फवारायचं असतं होय? मी मेली उलटंच करत बसले. वेंधळी ती वेंधळीच."

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"पाटी बरोबर आहे," थोरली म्हणाली.

"मग तुम्ही..."

गाऊनची पाठीवरची गाठ दोघी एकमेकींची सोडतात. थोरलीनं हात पुढे केला. धाकटी भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि सोललेल्या बोटांनी स्वतःच गाठ शोधू लागली.

*

लॅबची खिडकी.

"माझी प्लेट हिशेबात धरू नका. मी आधी फवारते. रोजच. जावेला काढू नका, तिचं खरं आहे. माझं..."

लॅबवाल्याला हसू येणार होतं बहुतेक. ते मध्येच थांबलं.

"म्हणजे तुमच्या बोटांवर काय होतं, कुणालाच माहीत नाही?"

"नाही."

"आणि तुम्ही भरलेल्या बाटल्या?"

धाकटीचं काय होईल, घरी काय म्हणतील, सासूबाईंना तोंड कसं दाखवायचं, सगळं थोरलीच्या मनात येऊन गेलं होतं. बाटल्या आल्या नव्हत्या. ते थेंब कुणाच्या तरी डोळ्यांत पडतात, हे एकदाही आलं नव्हतं.

लॅबवाल्यानं फोन उचलला. "गोदाम? गाडी निघाली का? थांबवा."

खिडकीच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसत होता. ती खाली बघत राहिली.

"निघाली?" लॅबवाला फोनवर विचारत होता. "कधी?"