शेवटच्या स्टॉपची भाजी

"हीपण द्या," म्हणत शेवटच्या स्टॉपवरच्या शिवणवालीने भाजीच्या बसमधल्या टोपलीच्या तळातली पालकाची जुडी उचलली. जुडीने केव्हाच मान टाकली होती. शिवणवालीने पिवळी पानं खुडून टाकली, उरलेल्यांवर पाण्याचा हात फिरवला आणि हसून म्हणाली, "शिजवल्यावर काय, सगळी सारखीच."

कंडक्टरबाईंना ते फार झोंबलं. शिवणवाली भांडली असती तर त्यांनी चार शब्द सुनावले असते, चार ऐकून घेतले असते. त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण ही बाई रोज संध्याकाळी सुकलेली भाजी घ्यायची आणि वर त्यांचीच समजूत घालायची. अशा माणसाशी भांडायचं कसं, हे सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

बाईंच्या पाठीमागे सगळे त्यांना 'डबलबेल' म्हणत. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हा बसचा नियम त्यांनी घरीही लागू केला होता. वाद पुरे झाला असं वाटलं की टेबलावर दोनदा टकटक करायच्या, की विषय संपला. नवरा हयात असताना तोही त्या आवाजाला वचकून असे. निवृत्तीनंतर एका संस्थेने जुनी प्रवासी बस घेतली, तिच्यातल्या सीटा काढून फळ्या ठोकल्या आणि मळ्यातली ताजी भाजी वस्त्यावस्त्यांत न्यायचं ठरवलं. तेव्हा कंडक्टर म्हणून बाई गेल्या आणि ड्रायव्हर म्हणून त्यांचा धाकटा दीर. दीर मुलखाचा भित्रा. वहिनीला तो जितका घाबरे, तितका समोरून येणाऱ्या ट्रकलाही घाबरत नसे.

मळे शेवटच्या स्टॉपच्या पलीकडे, बसने जेमतेम दहा मिनिटांवर. भल्या सकाळी बस तिथे भरायची, शेवटच्या स्टॉपवरून न थांबता थेट डेपोत जायची आणि तिथून एकेक थांबा घेत संध्याकाळी परत इथे यायची. म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. वस्तीतल्या निम्म्या बायका त्याच मळ्यांत खुडणीला जात. सकाळी आपल्या हातांनी बांधलेली जुडी त्या संध्याकाळी विकत घेत, आणि तीही सगळ्या शहराने चिवडून झाल्यावर. वेळापत्रक संस्थेच्या साहेबांनी खुर्चीत बसून आखलं होतं. पण दोन वर्षं शेवटच्या स्टॉपच्या खांबासमोरून बस पुढे काढणारी घंटा तर बाईंच्याच हातातली होती. त्या रात्री साहेबांच्या आधी त्या स्वतःवरच चिडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेली बस त्या खांबाशी आली आणि बाईंनी एक घंटा मारली. दिराने सवयीने ब्रेक दाबला, मग दचकून मागे पाहिलं.

"वहिनी, सकाळी इथे थांबायचं नाहीये."

"खांबाला पाटी आहे ना? मग स्टॉप आहे."

"माझी नोकरी जाईल हो."

"तू फक्त घंटा ऐकलीस. मारली मी. विचारलं तर एवढंच सांग."

समोरच्या घराच्या ओट्यावर शिवणवाली मान खाली घालून मशीनवर बसली होती. बाईंनी तिला हाक मारून बोलावलं. बसच्या दारात उभी राहून ती टोपल्यांकडे बघतच राहिली. पालक तरारलेला होता, मुळ्यांना ओली माती होती. तिने एक गाजर उचललं, पुसलं आणि तिथेच कचकन चावलं. पाठोपाठ दारं उघडली आणि बघता बघता रांग लागली.

तीन आठवडे असंच चाललं. सकाळच्या या थांब्याने कोणाचं काही बिघडलं नाही. बंगल्यांच्या कॉलनीतही भाजी ताजीच पोचत होती. पण त्यांच्या आधी दुसऱ्या कोणाचा तरी हात टोपलीत जातो, हे तिथे कळलं, आणि तक्रार आली.

साहेब सज्जन होते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, चहा मागवला, कॉलनीवाले संस्थेला देणगी देतात, हे हळू आवाजात समजावलं. आपल्याआधी लोक निवडून जातात, उरलेलं आपण का घ्यायचं, असं कॉलनीवाल्यांचं म्हणणं होतं.

"दोन वर्षं शेवटचा स्टॉप उरलेलंच घेत होता, साहेब. तेव्हा नाही आला तक्रारीचा कागद."

साहेबांनी चष्मा पुसला आणि तोडगा काढला. फेरी पूर्वीसारखीच ठेवायची, पण शेवटच्या स्टॉपसाठी संध्याकाळी एक वेगळी पेटी, मदत म्हणून, अगदी फुकट.

"फुकट कोणी मागितलंय? कॉलनीत जो भाव, तोच ते देतात. त्यांना ताजं हवंय. बस त्यांच्या दारावरून जाते, ती थांबायला हवी."

"हट्ट करू नका, बाई."

बाईंनी साहेबांच्या टेबलावर दोनदा टकटक केलं आणि उठल्या.

दोन दिवसांनी हुकूम निघाला. यापुढे मळ्यापासून डेपोपर्यंत कंडक्टरने बस वाटेत थांबवू नये, आणि बाईंच्या जागी नवा कंडक्टर डेपोतच चढेल. बाईंनी चामडी पिशवी आणि शिट्टी जमा केली. घरी आल्यावर खांदा इतका हलका लागला की त्यांना रडू आलं, आणि त्या मनसोक्त रडल्या. मग तोंड धुऊन दिराला बोलावलं आणि हुकूम त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतला. कंडक्टरने थांबवू नये, असं लिहिलं होतं. खांबाशी कोणी हात केला तर ड्रायव्हरने थांबावं, हा जुना नियम काढायचं साहेबांच्या डोक्यात आलं नव्हतं.

सकाळी बस आली. खांबाशी बाई उभ्या होत्या, हात वर करून. त्यांच्यामागे शिवणवालीचा हात, तिच्यामागे काठी टेकत आलेल्या तिच्या वडिलांचा, आणि मग मोजता येणार नाहीत इतके.

बस थांबली. दिराच्या कपाळावर घाम होता, पण ब्रेकवरचा पाय हलला नाही. लोक ओळीने चढले, भाजी घेतली, टोपल्यांवर लिहिलेले भाव बघून पैसे ड्रायव्हरशेजारच्या गल्ल्यात टाकले आणि उतरले. म्हाताऱ्याने खालीच उभं राहून मटाराची शेंग सोलली आणि चार दाणे तोंडात टाकले. "पुष्कळ वर्षांनी कच्चे खातोय," तो म्हणाला. शिवणवालीने मान हलवली. शिजवण्याचं नाव आज तिने काढलं नाही.

सगळे उतरले तरी बस हलेना. दीर स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. घंटेशिवाय गाडी काढायची नाही, हे त्याला वहिनीनेच शिकवलं होतं.

बाई पुढे झाल्या. उघड्या तळव्याने त्यांनी बसच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली.

बस निघाली. डबलबेल दिल्यावर आपण मागे राहायचं, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केलं. तळव्याला पत्र्यावरचं दव लागलं होतं. धूळ खाली बसेपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या, आणि मग उद्या कोण कोण येणार ते विचारायला खांबाशी थांबलेल्या लोकांकडे वळल्या.