माहेरजोडी

दुपारच्या जेवणाआधी कोकिळाअक्काचा जुना फोन एकदा वाजायचा आणि गप्प व्हायचा. तो वाजला की अक्का हात धुऊन ताटावर बसायची. वाजेपर्यंत घास नाही. पिंप्राळ्यातल्या तिच्या रिचार्जच्या दुकानात तेव्हा गिऱ्हाईक असलं तर तेही थांबायचं. साऱ्या गल्लीला ठाऊक होतं की अक्काच्या एकुलत्या लेकीचा, सुलक्षणाचा, धुळ्याहून मिस्ड कॉल येतो. एक रिंग म्हणजे लेक बरी आहे.

लोकांना एवढंच ठाऊक. उरलेली अर्धी खूण फक्त मायलेकींची होती. फोन वाजतच राहिला, थांबलाच नाही, तर माय, मला न्यायला ये. दिवाळीला लेक माहेरी आली तेव्हा हे ठरलं. सासरी काही कमीजास्त आहे का, असं अक्कानं खोदखोदून विचारलं. पोरीनं 'काही नही' म्हणून तोंड फिरवलं आणि खूण मात्र आईकडून दोनदा वदवून घेतली. तेव्हापासून अक्काच्या जिवाला घोर लागला होता.

हे सगळं जिच्या भरवशावर चाललं होतं, ती संगत मोबाइल कंपनी खान्देशात आली ती वरातीसारखी वाजतगाजत. खांबाखांबावर तिचे फलक, एरंडोलच्या बाजारात फुकटच्या टोप्या आणि संगतवरून संगतवर बोलणं फुकट. लग्नसराईत तिनं माहेरजोडी काढली. लागोपाठच्या नंबरांची दोन सिमं, एक आईला, एक लेकीला, आपसात जन्मभर फुकट. बायांनी ती जोडी थेट रुखवतात मांडली, शेवया आणि लाडवांच्या मधोमध. अक्कानं इतक्या जोड्या खपवल्या की कंपनीचा साहेब तिला बघायला धुळ्याहून आला. गळ्यात टाय, बोलणं मधाळ, नाव भूपेंद्र. मोठ्या कंपनीत नोकरी, देवपुरात स्वतःचं घर, आणखी काय पाहिजे? अक्काला जावई दुकानाच्या पायरीवरच सापडला. सुलक्षणाच्या रुखवतात तर माहेरजोडीची डबी त्यानं स्वतःच्या हातानं ठेवली.

मग फुकट इंटरनेट वाटणारी नवी कंपनी आली आणि संगतची गिऱ्हाइकं भुर्रकन उडाली. एकेक टॉवर मुका होत गेला. भूपेंद्रची नोकरी गेली, टाय खुंटीला टांगला गेला आणि माणूस दिवसभर घरात धुमसत बसू लागला. बायकोचा मोठा फोन त्यानं स्वतःच्या खिशात ठेवला. मायलेकींचं बोलणं व्हायचं ते त्याच्या फोनवरून, स्पीकर लावून, शेजारी सासू भिकुबाई बसलेली असताना. "बठ्ठं चांगलं शे, माय," असं सुलक्षणा म्हणायची आणि फोन काढून घेतला जायचा. माहेरजोडीचा बटणांचा चिमुकला फोन मात्र गव्हाच्या कोठीमागे राहिला. ज्यानं ती जोडी गावोगाव विकली, त्यालाच तिचा विसर पडला होता.

होळीनंतर गिऱ्हाइकांची कुरकुर वाढली. रिक्षावाला रुपचंद तर रोज येऊन म्हणायचा, अक्का, तुझी संगत एकदा वाजते न वाजते तोच तुटते, माझा नंबर हलव. अक्का त्याला झटकून लावायची.

"मना फोन रोज वाजस ना," ती जुना फोन त्याच्या नाकासमोर धरायची. कंपनी बुडती असली तरी जावयाची होती, तिला नावं ठेवलेली अक्काला खपत नसत. शेवटी रुपचंदचा नंबर तिनं दुसऱ्या कंपनीत हलवला, आणखी कितीकांचे हलवले, पण जोडीला हात लावला नाही. लेकीचा नंबर हलवायचा तर लेकीनं स्वतः दुकानात जाऊन अंगठा द्यायला हवा, आणि लेकीला फाटकाबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती.

आखाजी आठवड्यावर आली आणि एका दुपारी फोन वाजलाच नाही.

अक्का ताटावरून उठली. तिनं लेकीचा नंबर लावला, तर आतून नुसती सूं ऐकू आली. दुसऱ्या दिवशीही तेच. संगतची पडझड तिला दिसत होती, डोकं सांगत होतं की टॉवर गेला असेल. पण मन चिंती ते वैरी न चिंती. धंद्यासाठी ठेवलेल्या दुसऱ्या फोनवरून तिनं जावयाला फोन लावला. सुलक्षणाला ऊन लागलंय, झोपली आहे, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, देवळात गेली आहे. ज्या पोरीला कोपऱ्यावरच्या दळणाला जाऊ देत नव्हते, ती भर उन्हात एकटी देवळात गेली होती म्हणे.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खान्देशातल्या लेकींचा सण. झोके, गाणी, आणि लेकीला सासरहून आणायला जाणारा भाऊ, मुराळी. सुलक्षणाला भाऊ नाही, म्हणून दरसाल अक्काचा एरंडोलचा भाचा कौतिक मुराळी व्हायचा. अक्कानं त्याला लगोलग धाडायचं ठरवलं, पण त्याचा फोन लागेना. लागणार कसा? सारं गणगोत तिनं स्वतःच संगतवर चढवलं होतं. त्याला शोधत एरंडोलला उतरण्याइतका धीर तिच्यात उरला नव्हता. तिनं शटर ओढलं, रुपचंदच्या रिक्षानं बस स्टँड गाठलं आणि धुळ्याची गाडी पकडली. आईनं मुराळी व्हायची रीत नाही, पण रीत पाळायला पोर जागेवर हवी ना.

रस्ताभर ती मनात घोकत होती. घरात शिरायचं नाही. एकदा आत बसलो की दार लागेल, चहा येईल, मग 'आखाजीला पाठवू, आता कशाला' असं गोड बोलून वाटेला लावतील. तमाशा केला तरी पोरीचंच पुढचं अवघड होईल. काय करायचं ते चारचौघांत आणि सणाच्या नावानं करायचं. पांझरेचा पूल ओलांडून ती देवपुरात उतरली आणि तडक जावयाच्या गल्लीत शिरली.

गल्लीत बाया खाटांवर कुरडया वाळत घालत होत्या. ते पाहून अक्काला अर्धा धीर आला. फाटकाशी उभं राहून तिनं बाजारात देतात तशी मोठ्यानं हाक दिली.

"विहीणबाई, यंदा मीच मुराळी बनीसन ऊनू. लेकले धाडा."

खाटांवरचे हात थांबले. भिकुबाई पदर सावरत ओट्यावर आली. आखाजीला अजून अवकाश आहे, ती म्हणाली, आणि आधी घरात या, पाणी प्या. लेकीच्या घरचं पाणी आमच्यात चालत नाही, अक्कानं हसून सांगितलं, आणि माझ्या घरी झोका बांधून तयार आहे. झोका कुठला बांधलेला, दोरही आणला नव्हता. भूपेंद्र दारात आला, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"अक्का, आत या. बसून बोलू," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"बसाले टाइम नही, जावईबापू. गाडी निंघी जाई."

तो उंबऱ्यावरून हलला नाही. अक्काही फाटकावरून हलली नाही. आतून काही पडल्याचा आवाज आला. पायरी चढून त्याला ढकलावं असं हजारदा वाटलं, पण पायरी चढली की डाव गेला हे ती जाणून होती. तेवढ्यात खाटेपाशी बसलेली एक म्हातारी पीठमाखल्या हातानं बोलली.

"धाडी दे भिकू. आखाजीनी लेक कोनी आडावत नही."

बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. भिकुबाईनं गल्लीकडं पाहिलं, मग मुलाकडं. उद्या याच बायांच्या हळदीकुंकवाला जायचं होतं. भूपेंद्र बाजूला सरला. सुलक्षणा पिशवी घेऊन बाहेर आली, डावा हात पदराखाली झाकलेला. आईच्या पाया पडायलाही ती थांबली नाही. दोघी पुलाकडे चालू लागल्या आणि कोपरा वळेपर्यंत अक्कानं मागे पाहिलं नाही.

गाडी पारोळ्याच्या पुढे आल्यावर अक्कानं हळूच लेकीचा पदर सारला. मनगटापासून कोपरापर्यंत हात सुजून काळानिळा झाला होता. काही जुनं, पिवळं पडलेलं, काही ताजं. अक्काला रडू फुटलं, आणि रडता रडता ती लेकीवरच चिडली. एवढं होत होतं तर फोन का वाजू दिला नाहीस, खूण कशासाठी ठरवली होती?

सुलक्षणा तिच्याकडे बघत राहिली.

"मी रोज वाजू देत व्हतू, माय. होळीपाईन. एकदाव वाजे नी तुटी जाये. दुसरींदा लावू ते लागेच ना."

अक्काला रुपचंद आठवला, आपण त्याच्या नाकासमोर धरलेला फोन आठवला. संगत आणखी महिनाभर रखडत चालली असती, तर आणखी महिनाभर ती एक रिंग येत राहिली असती. तिनं लेकीचा धड हात घट्ट धरला. तुला काय वाटलं असेल ग, एवढंच तिला विचारता आलं.

"माले वाटनं, तूच कट करी ऱ्हायनी," सुलक्षणा म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

रोज ती रिंग ऐकून अक्का जेवायला बसत होती.