व्हर्नाच्या फ्रिजवरची नोटीस

मी एक नोटीस बोलतेय. साधा पांढरा कागद, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टीचे डाग. ऐका, पण माझ्याकडे असं रोखून बघू नका. मला अजून लाज वाटते.

माझा जन्म नॉर्थ डकोटातल्या एका वृद्धाश्रमाच्या ऑफिसात झाला. मॅनेजर हौगन साहेबांनी मला प्रिंटरमधून ओढलं आणि कामगारांच्या खोलीत मायक्रोवेव्हच्या वर चिकटवलं. "दहा कामाचे दिवस, सगळ्यांना दिसेल अशी. हिला कोणी हात लावायचा नाही!" असं बजावून गेले.

मी अर्लिंडासाठी होते. ती फिलिपाइन्सची. म्हाताऱ्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं हे तिचं काम. आश्रम तिला कायमची ठेवून घेणार होता, म्हणजे तिला या देशातच कायमचं राहता येणार होतं. पण आधी ती जागा आणि तिचा पगार भिंतीवर जाहीर करायचा, तक्रार असली तर कुठे लिहायचं तेही सांगायचं, असा कायदा. दहा दिवस पुरे झाले की अर्ज पुढे. पुढची रांग तीन वर्षांची. आणि तिकडे इलोइलो शहरात आजीकडे राहिलेली तिची मुलगी लिगाया तीन वर्षांनी एकवीसची होणार होती. एकवीस पुरी झाली की आईच्या अर्जातून मुलीचं नाव गळतं. एकेक दिवस मोलाचा होता.

मला पहिल्यांदा वाचलं ते व्हर्नाने. व्हर्ना गावातलीच, सतरा वर्षं तेच काम करणारी. अर्लिंडाला बर्फात गाडी चालवायला तिनेच शिकवलं. तिने आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. तासाला एकवीस डॉलर. व्हर्नाला अठरा मिळत. कॉफी तशीच बेसिनमध्ये ओतून ती निघून गेली.

दुपारी अर्लिंडाने वाचलं. ती तडक साहेबांच्या ऑफिसात गेली. ऑफिस समोरच, दार उघडंच होतं.

"साहेब, व्हर्नाताईपेक्षा जास्त? तिने मला हाताला धरून शिकवलंय हो!"

"बाहेरून आलेल्यांसाठी आकडा सरकार ठरवतं, बाई. त्याच्या खाली मला जाता येत नाही."

"मग तिचाही वाढवा."

"ते नंतर बघू," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, खोलीत कोणी नाही असं बघून अर्लिंडाने माझ्यावर दुसरा कागद लावला. व्हर्नाच्या साठीच्या वाढदिवसाला कोण काय आणणार, त्याची यादी! बापडीला वाटलं, ताईने अजून काही बघितलेलं नाही, आणि बघितलं तर तिला तोंड कसं दाखवायचं? त्या लाजेपायी तिने पोटच्या पोरीचं येणं पणाला लावलं.

आणि मी? खरं सांगते, झाकल्यावर मला हायसं वाटलं. सगळ्यांसमोर उघडं राहायचं, एवढंच काय ते माझं काम. आणि मी यादीखाली गुपचूप दडून बसले. लोक येऊन पेन्सिल दाबून लिहीत: शेवया, ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश, जेली. एकदा व्हर्नाही आली. तिने यादीचा कोपरा उचलून मला बघितलं, परत सोडला, आणि स्वतःच्याच वाढदिवसाच्या यादीत लिहिलं, 'बीटाचं लोणचं, घरचं.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दहाव्या दिवशी वाढदिवस. कोणीतरी हसत यादी उतरवली आणि मी उघडी पडले. तेवढ्यात हौगन साहेब पेन घेऊन आले. ही नोटीस दहा दिवस सर्वांना दिसत होती, असं लिहून माझ्या पाठीवर सही करायची होती.

"काय मंडळी, वाचली ना सगळ्यांनी?"

व्हर्ना काट्याला शेवया गुंडाळत म्हणाली, "वाचली की! पहिल्याच दिवशी, दोनदा. करा सही."

अर्लिंडा पुढे झाली. "ताई, तुला माहीत होतं?"

"साठीची झाले, आंधळी नाही झाले. गप बस आता, होऊ दे सही. पोर यायचीये ना तुझी?"

ताईने आपल्यासाठी एवढं गिळलं, हे मात्र अर्लिंडाला सोसवेना. "नका करू सही, साहेब. नऊ दिवस झाकलेली होती. मीच झाकली." आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे सोमवारपासून पुन्हा पहिला दिवस. दोन आठवडे पाण्यात गेले, कळतंय का?"

"कळतंय."

व्हर्नाने ताटली खाली ठेवली. "आणि सोमवारी हिची नवी लावाल ना, तेव्हा शेजारी माझ्याही पगाराची लावा. वाचू दे की सगळ्यांना!" साहेबांचे कान लाल झाले.

सोमवारी दुसरी नोटीस लागली आणि दहा दिवस उघडी राहिली. व्हर्नाच्या पगाराची काही लागली नाही. तासाला अर्धा डॉलर तेवढा वाढला. आता तीन वर्षं होत आली, लिगायाची येत्या मार्चात एकवीस वर्षं पुरी होतायत, आणि रांगेतला नंबर अजून लागलेला नाही. ते दोन आठवडे माझ्या जिवाला लागून राहिलेत.

मला व्हर्नाने घरी आणून फ्रिजवर लावलंय. आल्यागेल्याला दाखवते, "ही बघा, साठीची भेट!" तेव्हा मला तोंड कुठे लपवू असं होतं. पण अर्लिंडाची गाडी दारात थांबली की व्हर्ना घाईघाईने मला उलटी करते. मग माझी पाठ दिसते, सही नसलेली. माझ्या अंगावर तेवढीच एक जागा आहे जिची मला लाज वाटत नाही. मला तशीच राहू द्या.