बापूसाहेबांचा राजीनामा

माणूस राजीनामा देतो आणि सगळी सभा टाळ्या वाजवते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. माझं डोकंच फिरलं. म्हाताऱ्या माणसाची अशी थट्टा करतात? पण ती थट्टा नव्हती. थट्टा परवडली असती.

नर्मदांचल क्रीडा परिषद म्हणजे जबलपूर आणि आसपासच्या आठ कॉलेजांचा गोतावळा. दर हिवाळ्यात परिषदेची स्पर्धा होते आणि विद्यापीठाचा संघ त्या स्पर्धेतूनच निवडतात. परिषदेत नसलेल्या कॉलेजची पोरगी कितीही पळो, तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. मी नेपियर टाउनमधल्या विद्यावर्धिनी महिला महाविद्यालयात खेळ शिकवते. खाली झेरॉक्सची दुकानं, वर कोचिंग क्लास, मधल्या मजल्यावर आम्ही. मैदान नाही. सकाळी क्रिकेटवाले यायच्या आत फॅक्टरीच्या वसाहतीतल्या मैदानावर आम्ही खांब ठोकतो, सराव करतो आणि खांब उपटून परत आणतो. तरी खो-खोची ढाल गेली काही वर्षं आमच्याच कपाटात आहे.

यंदा बायपासवर एक नवं खाजगी कॉलेज उभं राहिलं. काचेची इमारत, धावायला लाल रबरी ट्रॅक, पोरांना न्यायला एसी बस. त्यांना परिषदेत यायचं होतं. या की! माझी काही ना नव्हती, आठाचे नऊ झालो असतो. पण परिषदेचे सचिव मोहन दुबे म्हणाले, नऊ संघांचा ड्रॉ नीट बसत नाही, सदस्य आठच हवेत. म्हणजे एकाने बाहेर पडायचं. तो एक कोण? ज्यांना स्वतःचं मैदान नाही ते. ढाल जिंकताना मैदान कोणाचं, हे कोणी विचारलं नव्हतं.

एक नियम मात्र आड येत होता. जुन्या सदस्याला काढायचं तर बाकी सगळ्यांचं एकमत हवं, नाही तर त्या कॉलेजने आपण होऊन जागा सोडायला हवी. कटनीच्या प्राचार्यांनी भर सभेत नकार दिला, त्यामुळे एकमत होणार नव्हतं. मी मागच्या खुर्चीत बसून सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात आमचे बापूसाहेब उठले.

बापूसाहेब आमच्या संस्थेचे अध्यक्ष. परिषद त्यांनीच उभी केली, तेव्हापासून ते तिचे उपाध्यक्ष. टेबलावर मूठ आपटून ते गरजले, "ये अन्याय है! मेरा राजीनामा लिख लीजिए!"

मला त्यांची ही जुनी खोड माहीत होती. बापूसाहेब राजीनामा द्यायचे, मग दोघंतिघं हात धरून "अरे, बैठिए, बैठिए" करायचे, चहा यायचा आणि राजीनामा चहाबरोबर पोटात जायचा. या वेळी कोणी हात धरला नाही. दुबेजी उभे राहिले, हात जोडून म्हणाले, "बापूसाहेब, बड़प्पन है आपका," आणि टाळ्या सुरू झाल्या. बापूसाहेब गोंधळून उभेच. कोणीतरी त्यांच्या हातात समोशाची बशी दिली. त्यांनी समोसा खाल्ला आणि ते खाली बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुखदाचा फोन आला. सुखदा आमची कॅप्टन, शेवटच्या वर्षाला. खांबाला वळसा घालताना ती अशी वाकते की मागची पोरगी हवेतच हात मारत राहते. विद्यापीठाच्या संघात जायची तिची ही अखेरची संधी.

"मॅडम, ग्रुपवर ड्रॉ आला," ती म्हणाली. "आपलं नावच नाही आहे. हम लोग बाहर आहोत का?"

मी ग्रुप उघडला. दुबेजींचा निरोप होता: 'विद्यावर्धिनी की ओर से बापूसाहेब जी ने राजीनामा कर अपना स्थान सहर्ष नए सदस्य को दिया है। स्पर्धा का उद्घाटन उन्हीं के करकमलों से होगा।'

सहर्ष! मला ते वाचून अंगाची लाही लाही झाली. बाहेरच्या वाचकांना सांगते, आमच्या घरात राजीनामा म्हणजे पद सोडणं. उंबरठ्याबाहेर, हिंदीत, राजीनामा म्हणजे तडजोड. भिंतीवरून भांडणारे शेजारी कोर्टात जाऊन राजीनामा करतात आणि हसत घरी येतात. पद सोडायला हिंदीत इस्तीफा आहे. इथल्या मराठी माणसाला दोन्ही ठाऊक असतं. पण राग आला की जीभ घरची भाषा बोलते, आणि नेमका तिथेच आमचा घात होतो. बापूसाहेबांनी उपाध्यक्षपद फेकलं होतं. दुबेजींनी आमचं कॉलेज उचललं.

आणि दुबेजींना हे कळलं नाही असं मला कोणी सांगू नये. इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यात मराठी शेजाऱ्यांच्या ओसरीवर वाढलेला माणूस आहे तो. पुरणपोळीवर तूप कमी पडलं तर मराठीत कुरकुरतो. मी त्यांना फोन लावला.

"दुबेजी, तुम्हाला राजीनामा समजत नाही?"

"समजते ना बेटा," ते शांतपणे म्हणाले. "पण सभा हिंदीत होती. हिंदीत जे झालं ते लिहिलं. तू काहून इतकी तापून राहिली? बापूसाहेब तर काही बोलत नाहीत."

त्यांचं शेवटचं वाक्य मला झोंबलं. बापूसाहेब काहून काही बोलत नव्हते? मी स्कूटर काढली आणि तडक विजय नगरला बापूसाहेबांचं घर गाठलं.

शैलजाकाकूंनी दार उघडलं. गॅलरीत बंद गळ्याचा काळा कोट वाळत घातला होता, डांबराच्या गोळ्यांचा वास जावा म्हणून. उद्घाटनाची तयारी! मी काय समजायचं ते समजले.

"तुम्हाला सगळं माहीत आहे," मी बापूसाहेबांना म्हटलं. "तरी गप्प बसून राहिले?"

"अगं, बस तर आधी. चिडून काय होते?" त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "आता मी म्हणू की तो इस्तीफा होता, तर उपाध्यक्षपद जाते. मी आत राहिलो तर पुढच्या वर्षी तुमच्यासाठी बोलता येईल."

"पुढच्या वर्षी सुखदा नसेल."

"दुसरी कोणी असेल."

असं म्हणाले! ज्या पोरीला यांनीच दोनदा ढाल दिली, पाठीवर थाप मारून 'शाब्बास वाघीण' म्हणाले, तिच्याबद्दल 'दुसरी कोणी असेल'. खुर्चीपायी माणूस किती खाली उतरू शकतो! मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही संताप आला.

"काका, दुबेजींनी आपल्याला फसवलं. तुम्ही पोरींना विकून राहिले."

शैलजाकाकू इतका वेळ दारातच उभ्या होत्या. त्यांनी गॅलरीतला कोट काढला आणि नवऱ्याच्या मांडीवर टाकला. "घाला अन् जा," त्या म्हणाल्या. "मैदानावर आपली एक पोरगी नसेल. फीत कोणासाठी कापता ते तेवढं ठरवून ठेवा."

उद्घाटनाआधी परिषदेची सभा होती. मी सुखदाला घेऊन गेले. आम्हाला कोणी बोलावलं नव्हतं, पण हाकलायची हिंमतही कोणाला झाली नाही. बापूसाहेब काळा कोट घालून दुबेजींच्या शेजारी बसले होते. माझ्याकडे बघेनात.

मी उभी राहिले आणि हिंदीतच बोलले, शब्द जपून. राजीनामा दो पक्षों में होता है. हमने अपनी जगह दी, तो हमें क्या मिला?

दुबेजी हसले. "सम्मान मिला ना, बेटा! बापूसाहेब उस दिन नाराज़ हो गए थे. कितना मनाया हम सबने! तब जाकर माने."

हे एक वाक्य ते बोलले नसते तर सगळं त्यांच्या मनासारखं झालं असतं. बापूसाहेबांची मान ताडकन वर आली.

"मनाया?" ते म्हणाले. "किसने मनाया?"

"अरे बापूसाहेब, सबने..."

"कोणी हात धरला माझा? एकाने तरी बैठिए म्हटलं?" ते आता उभे होते. हिंदी सुटली होती, मराठीच चालली होती. "टाळ्या वाजवल्या तुम्ही! समोसा दिला हातात!" मग त्यांनी सुखदाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आवाज खाली आणून एकेक शब्द तोडून ते हिंदीत म्हणाले, "वो इस्तीफ़ा था, दुबेजी. मेरा. सिर्फ़ मेरा. कॉलेज ने कुछ नहीं छोड़ा. अब समझ में आया?"

कटनीचे प्राचार्य खाकरले आणि म्हणाले, मग विद्यावर्धिनी सदस्य आहेच, विषय संपला. बायपासवाल्यांनाही घ्या, नऊ होऊ द्या. कोणी विरोध केला नाही. दुबेजींनी तोंड कडू करून लॅपटॉप उघडला, आणि जो ड्रॉ बसतच नव्हता तो चहा येईपर्यंत बसला. विद्यावर्धिनीचा पहिला सामना बायपासवाल्यांशी! सुखदाने माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी रुतली.

बापूसाहेब दाराकडे निघाले होते. हळूहळू. ती चाल मी ओळखते. दाराशी थांबून ते खाली वाकले आणि सँडलचा पट्टा लावायला लागले.

कोणीतरी 'बैठिए' म्हणायचं होतं, बस. दुबेजी लॅपटॉपमधून मान वर करत नव्हते. बाकीचे चहाचे कप मोजल्यासारखे बघत होते. हरामखोर सगळे. ज्याने परिषद उभी केली त्याला दारापर्यंत सोडायलाही एक उठला नाही.

"मॅडम," सुखदा कुजबुजली, "त्यांना बुलाओ ना. किती वाईट दिसून राहिलं."

मी तिचं मनगट घट्ट धरलं. मी एक शब्द बोलले असते तर ते परत आले असते. खुर्चीत बसले असते, चहा प्याले असते, चहाबरोबर राजीनामा पोटात गेला असता, आणि दुबेजींना त्यांची तडजोड पुन्हा मिळाली असती. दुबेजींचा राग, या सगळ्या कपबशीवाल्यांचा राग, आणि त्या वाकलेल्या म्हाताऱ्याचा राग मी दातांखाली धरून बसले.

बापूसाहेब अजून वाकलेलेच होते. पट्टा केव्हाच लागला होता.